पट्टी

आमच्या ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या सोसायटीत खालच्या मजल्यावरचे आजोबा दरवर्षी जुलै महिन्यात मला जिन्यात थांबवून एकच प्रश्न विचारतात, आणि दरवर्षी तितक्याच काळजीने विचारतात : "तुमच्याकडे कुणाला बरं नाहीये का?" बरे सगळ्यांनाच असते. माझी भाची जर्मनीहून सुट्टीवर आलेली असते. सकाळी दहाच्या सुमारास माझा स्वयंपाक उरकला की ती ओट्याशी उभी राहते आणि पाण्याच्या ग्लासात नळी बुडवून, बुडबुडे काढत, खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत जाऊन परत येत राहते. नळी कोपऱ्यावरच्या शहाळेवाल्याकडची. या बुडबुड्यांमुळे स्वरतंतूंवर वरच्या बाजूने हलका दाब राहतो आणि ते एकमेकांवर आपटण्याऐवजी अलगद मिटतात, असे ती सांगते. पंधरा-वीस मिनिटांनी नळी बाजूला होते, खिडक्या बंद होतात, आणि पुढचा अर्धा तास जे काही होते त्याला आजोबांच्या शब्दकोशात 'बरं नसणं' याखेरीज दुसरा शब्द नाही.

मला आजोबांना हसता येत नाही, कारण मी स्वतः चाळीस वर्षे गाण्यात घालवूनही तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझे मत त्यांच्याहून फारसे वेगळे नव्हते.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहिणीचे घर चरईत, अगदी हमरस्त्यावर, आणि तिथे हॉर्नच्या आवाजावर मात करून बोलावे लागते, म्हणून रियाजाला ती माझ्याकडे येते. ती सोप्रानो आहे. पाश्चात्त्य अभिजात संगीतात स्त्रियांच्या आवाजांची जी ढोबळ विभागणी करतात, त्यातला हा सर्वांत उंच पल्ल्याचा आवाज. एका मध्यम आकाराच्या जर्मन शहरातल्या ऑपेरा थिएटरात ती नोकरीला आहे. नोकरी हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण ऑपेराची गायिका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फुलांचे गुच्छ, मखमली पडदे आणि लहरी स्वभाव एवढेच येते. तिला महिन्याचा पगार मिळतो, त्यातून पेन्शनची रक्कम कापली जाते, आणि उद्याच्या तालमीचा तक्ता आज दुपारी लागेपर्यंत उद्याचा दिवस कसा जाणार हे तिला ठाऊक नसते. तालीम सकाळी दहाला सुरू होते, दुपारी सुटते आणि संध्याकाळी पुन्हा भरते. मधल्या वेळात झोपायचे, वाफ घ्यायची, पाठांतर करायचे. सरकारी आणि नगरपालिकांच्या पैशांवर चालणारी अशी ऐंशीहून अधिक थिएटरे जर्मनीत आहेत, आणि म्हणूनच अर्ध्या जगातले तरुण गायक पोट भरण्यासाठी त्या देशाकडे धाव घेतात.

वयाच्या सातव्या वर्षापासून ती माझ्याकडे गाणे शिकत होती. पट्टी काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी हा षड्ज, माझ्यासारखीच; आणि खर्ज लावण्याचा आळस, तोही माझ्यासारखाच. अकरावीत असताना तिच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच जुन्या ख्रिस्ती समाजातल्या, मैत्रिणीबरोबर ती मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चमध्ये नाताळच्या गायनवृंदात हौसेने उभी राहिली. ती मैत्रीण घरी आपल्यासारखीच मराठी बोलायची आणि चर्चमध्ये लॅटिन गायची. वृंद बसवणाऱ्या बाईंनी तालमीनंतर भाचीला थांबवून घेतले आणि पेटीवर एकेक पट्टी वर चढवत नेली. मुलगी थांबेचना. घरी येऊन ती मला म्हणाली, "मावशी, माझ्या आवाजाला अजून एक मजला आहे." मी म्हटले, "असेल, पण त्या मजल्यावर कुणी राहत नाही."

आमच्या तालमीत त्या मजल्याला एक नाव आहे, आणि ते फारसे प्रेमाचे नाही : खोटा आवाज. खुल्या, छातीतून येणाऱ्या आवाजात जोवर जाता येते तोवर जायचे, आणि त्यापुढे चोरटा, पातळ, डोक्यातला आवाज काढायचा नाही, हे माझ्या गुरूंनी मला बजावले होते आणि मी तिला. ती मात्र नेमक्या त्या चोरट्या आवाजात जाऊन बसली आणि पुढची दहा वर्षे त्याला अन्न घालून घालून तिने तो असा वाढवला की आता चोरटा कोण आणि साव कोण हे मलाच कळेनासे झाले आहे. हिशेबच मांडायचा तर काळी चारच्या षड्जावरून तार सप्तकातल्या पंचमापर्यंत स्वच्छ गेले की आमच्या मैफिलीत माना डोलतात. तिला लागणारा 'वरचा सी' आमच्या मोजणीने अतितार, म्हणजे तारच्याही वरच्या, सप्तकातला शुद्ध गंधार. मोझार्टच्या 'जादूच्या बासरी'त, म्हणजे १७९१ साली व्हिएन्नात पहिल्यांदा झालेल्या ऑपेरात, रात्रीच्या राणीला जो सर्वांत उंच सूर लावावा लागतो तो त्याच सप्तकातला धैवत. हे मी वहीवर पेटीच्या पट्ट्या काढून मोजले, आणि मोजून झाल्यावर काही वेळ गप्प बसले.

आमचा खरा वाद झाला तो सूर हलण्यावरून. तिचा स्थिर सूर मला स्थिर वाटायचाच नाही. सेकंदाला पाच-सहा वेळा तो किंचित वर-खाली होत राहायचा. मी म्हणायचे, सूर हलतोय, आधी तो खिळव. ती म्हणायची, हलला नाही तर आवाज दाबला जातोय असे माझ्या बाई म्हणतात. आंदोलन आम्हीही घेतो, पण रागाला हवे तिथे आणि हवे तेवढे. जेवणात प्रत्येक पदार्थावर खोबरे भुरभुरावे तसे नाही. हा वाद मिटलेला नाही. फक्त इतके झाले की तिचे गाणे ज्या जागेसाठी बनले आहे त्या जागेत मी ते एकदा ऐकले, आणि त्यानंतर माझा आवाज जरा खाली आला.

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी तिच्याकडे गेले होते. समोर खड्ड्यात साठेक वादक बसलेले, वर रंगमंचावर ती, मी दूर तिसऱ्या सज्ज्यात, आणि मध्ये एकही ध्वनिक्षेपक नाही. ही गोष्ट मला माहीत होती, पण माहीत असणे वेगळे आणि कानाने पटणे वेगळे. व्हायोलिनांचा गजर चालू असताना त्यातून तिचा आवाज सुईसारखा आरपार येत होता. मोठा नव्हता, पण हरवतही नव्हता. त्यामागचे गणित तिने मला जेवताना समजावले. उंच सुरांवर गायिका जबडा अशा बेताने उघडते की तोंडाच्या पोकळीचा स्वतःचा घुमारा त्या सुराशी जुळतो आणि शरीर फुकटात आवाज वाढवून देते. त्याची किंमत शब्दांना मोजावी लागते : तिथे अ, इ, उ सगळे एकाच आकाराचे होऊन बसतात. म्हणूनच बऱ्याच थिएटरांत रंगमंचाच्या वर एका पट्टीवर शब्द झळकत राहतात. ही सोय १९८३ साली टोरंटोत सुरू झाली आणि सगळीकडे पसरली. आपली भाची काय म्हणते आहे हे कळायला मावशीला मान वर करून जर्मन वाचावे लागावे, आणि मावशीला जर्मन येऊ नये, असा तो एकूण प्रसंग होता.

तरी त्या रात्री मला परके वाटले नाही, आणि त्याचे कारण आपल्याकडेच आहे. गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली तेव्हा नाट्यगृहात ध्वनिक्षेपक नव्हते. ऑर्गन, सारंगी आणि तबल्याच्या साथीने बालगंधर्वांचे पद शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत गळ्याच्या बळावरच पोहोचायचे, आणि तिथूनच 'वन्स मोअर'ची आरोळी उठायची. पुरुषाने स्त्री होऊन गाणे आपल्याला नवलाचे वाटते, पण अठराव्या शतकात पोपच्या रोममध्ये स्त्रियांना रंगमंच बंद होता आणि नायिका गायचे ते आवाज फुटू नये म्हणून लहानपणीच शस्त्रक्रिया केलेले पुरुष. त्यांच्यावर केलेला तो अत्याचार होता. आपल्याकडे निदान तेवढे कधी कुणी केले नाही. गिरगावातल्या रॉयल ऑपेरा हाउसचे उद्‌घाटन १९११ साली पंचम जॉर्जने केले. या वास्तूत मराठी संगीत नाटके रंगली, पुढे चित्रपट आले, १९९३ मध्ये ती बंद पडली आणि २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा उघडली, तेव्हा पहिल्या रात्री तिथे गायल्या त्या मुंबईत जन्मलेल्या आणि लंडनमध्ये नाव कमावलेल्या पॅट्रिशिया रोझारियो. त्या सोप्रानो आहेत. दादरला गाडी बदलून आम्ही मावशी-भाची एकदा ती वास्तू बघायला गेलो होतो. कठड्याला हात लावून भाची म्हणाली, "इथे गायचं तर रोझीपेक्षा जास्त पैसे विमानाला लागतील." रोझी म्हणजे तिची जर्मनीतली वीस वर्षे जुनी मोटार.

एक मजेची गोष्ट राहू नये. मराठी येण्याचा तिला तिथे खराच फायदा झाला. इटालियनमधला 'त' हा आपल्या तबल्यातला त, आणि इंग्रजी बोलून मोठी झालेली मुले तिथे ट म्हणतात व ओरडा खातात. जर्मनमधले झेड हे अक्षर म्हणजे हुबेहूब आपल्या चाकातला च, चहातला नव्हे. परदेशी विद्यार्थी ज्या उच्चारांवर महिनोन्‌महिने घासत बसतात, ते ती चरईतून येताना तोंडात घेऊन गेली होती. अडले ते स्वरांपाशी. ओठ उ चे करून आतून ई म्हणायचा जो त्यांचा स्वर आहे, तो बहिणीच्या घरी अजूनही थट्टेचा विषय आहे.

पण मला लिहायचे आहे ते तिच्या नकाराबद्दल.

त्या थिएटरांत गायकांना आवाजाच्या जातीप्रमाणे खणांत बसवतात. हलका, चपळ आवाज एका खणात, उंच कसरती करणारा दुसऱ्यात, मऊ आणि भावपूर्ण असा तिसऱ्यात, आणि वाद्यवृंदाच्या लाटेवर उभा राहू शकणारा भारी आवाज शेवटच्यात. भाची तिसऱ्या खणातली. तिच्या वाट्याला 'जादूच्या बासरी'तली पामिना येते, इटालियन संगीतकार पुचिनीच्या 'ला बोएम'मधली मिमी येते, 'कार्मेन'मधली साधीभोळी मिकाएला येते. पामिनाची एक विरहाची रचना आहे, जेमतेम चार मिनिटांची, आणि निवड-चाचणीला उभ्या राहिलेल्या मुली तिला राणीच्या धैवताहूनही अधिक घाबरतात, कारण तिथे वाद्ये जवळजवळ गप्प असतात आणि अतितारातला रिषभ हळुवार लावून खाली उतरायचे असते. त्यात लपायला जागा नाही. एकदा सकाळी नऊ वाजता तिला दुसऱ्या शहरातून फोन आला की तिथली पामिना तापाने आडवी आहे. चार तासांचा रेल्वेप्रवास, डब्यात मनातल्या मनात उजळणी, पोहोचल्यावर दुसरीच्या मापाच्या झग्याला टाचण्या, कुठून यायचे आणि कुठे मरायचे याची वीस मिनिटांची ओळख, आणि साडेसातला पडदा वर. (पामिना मरत नाही, पण मरायला निघते.) जिला ताप आला होता ती नोकरीतली होती म्हणून तिचा पगार बुडाला नाही, जी माणसे प्रयोगागणिक मानधनावर गातात, त्यांचा घसा बसला की त्या रात्रीचे पैसे गेले.

नोकरीचेही तसे फार भरवशाचे नाही. करार हंगामापुरता असतो आणि आपोआप पुढे सरकतो. थिएटरला तो पुढे न्यायचा नसेल तर साधारणपणे ३१ ऑक्टोबरपर्यंत तसे कळवावे लागते. त्यामुळे ऑक्टोबर हा तिथल्या गायकांचा पितृपक्ष. सलग पंधरा वर्षे एका ठिकाणी झाली की मग सहसा काढता येत नाही, आणि नेमके म्हणूनच चौदाव्या वर्षाच्या आसपास अनेकांच्या हातात पत्र पडते. नवा प्रमुख आला की त्याची नवी आवड येते. गाणे तेच असते, आवाज तोच असतो, आणि तरी माणूस नको असतो.

तर अशा थिएटरच्या प्रमुखांनी गेल्या मे महिन्यात तिला बोलावून 'मादामा बटरफ्लाय'मधली मुख्य भूमिका देऊ केली, आणि ती नाही म्हणाली.

हे तिने मला जुलैत, भाजी निवडता निवडता सांगितले. मी हातातली गवार खाली ठेवली. मुख्य भूमिका, पोस्टरवर नाव, आणि ही पोरगी चौतिशीत नाही म्हणून येते. मी तिला नाही नाही ते बोलले. आमच्या वेळी एका पदासाठी लोक वर्षभर पेटीवाल्याच्या मागे फिरत, हे बोलले. संधी दोनदा येत नाही, हेही बोलले. ती शांतपणे ऐकत होती आणि आवाज न वाढवता उत्तरे देत होती, कारण आवाज वाढवणे तिला परवडत नाही.

तिचे म्हणणे असे की बटरफ्लाय ही कथेत पंधरा वर्षांची मुलगी आहे, पण पुचिनीने १९०४ साली तिच्यासाठी जे लिहिले ते पंधरा वर्षांच्या गळ्यासाठी नाही. ती पहिल्या अंकात एकदा आत आली की शेवटी प्राण सोडेपर्यंत जवळजवळ सतत रंगमंचावर असते, आणि तिच्या मधल्या पट्टीतल्या ओळींवर संपूर्ण वाद्यवृंद चालून येतो. वरचे सूर तिला येतात. प्रश्न मधल्यांचा आहे. मधल्या सुरांना शरीर फुकटची मदत करत नाही, तिथे माणूस नकळत ढकलू लागतो, आणि सहा महिन्यांनी एका सकाळी पामिनाचा तो हळुवार रिषभ लागत नाही. "तो एकदा गेला ना मावशी, की परत येईलच असं नाही. चाळिशीनंतर विचारा म्हटलं. ते म्हणाले, चाळिशीनंतर कदाचित मी नसेन. मी म्हटलं, कदाचित मीही नसेन."

मिरेल्ला फ्रेनी ही इटालियन सोप्रानो तिचे दैवत. मोडेना शहरातली; तिची आई आणि प्रसिद्ध गायक पावारोत्तीची आई एकाच तंबाखूच्या कारखान्यात कामाला होत्या. १९५५ साली तिने मिकाएला गाऊन सुरुवात केली आणि २००५ साली, सत्तरीत, शेवटचा ऑपेरा गायली. पन्नास वर्षे. बटरफ्लाय तिने वाद्यवृंद-संचालक काराजानच्या हाताखाली ध्वनिमुद्रिकेसाठी गायली, चित्रपटासाठी गायली, म्हणजे जिथे थांबता येते, पाणी पिता येते, उरलेले उद्यावर टाकता येते तिथे गायली. रंगमंचावर ती भूमिका तिने केली नाही. सगळे जग तिच्या बटरफ्लायच्या प्रेमात असताना केली नाही. भाचीच्या पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तिचा फोटो चिकटवलेला आहे, मी शिकवत असताना जिथे सरस्वती होती तिथे.

मी त्या दिवशी इतकी का चिडले, याचा उलगडा मला रात्री झाला, आणि तो फार सुखाचा नव्हता. नव्वदच्या दशकात, सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी, मी कुणालाच नाही म्हटले नव्हते. गणपतीत एका दिवसात तीन-तीन मंडळे, ठाण्यातून कळवा, कळव्यातून मुलुंड; नवरात्रात नऊ रात्री गरब्याच्या ऑर्केस्ट्रात, मागे ढोल आणि पुढे कर्णे, आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाही म्हणून अधिकच जोर लावायचा. पट्टी खाली घेते म्हटले तर आयोजक म्हणायचे, पब्लिकला मजा येत नाही, मूळ गाण्याच्या पट्टीतच हवे. दुसऱ्याच्या गळ्याच्या मापाचे गाणे मी रोज रात्री अंगावर चढवत होते. तिसऱ्या वर्षी, कोजागरीनंतर, वरचा षड्ज लावला की आवाजाबरोबर नुसती हवा येऊ लागली.

नौपाड्यातल्या डॉक्टरांनी माझी जीभ कापसाच्या पट्टीने धरून बाहेर ओढली, लांब दांडीचा छोटा आरसा स्पिरिटच्या दिव्यावर किंचित गरम करून घशात घातला, आणि दोन्ही स्वरतंतूंच्या कडांवर, समोरासमोर, तांदळाच्या कणीएवढ्या गाठी असल्याचे सांगितले. स्वरतंतू म्हणजे दोन इवल्याशा घड्या. भाचीच्या त्या 'वरच्या सी'ला त्या सेकंदाला हजाराहून अधिक वेळा एकमेकींना भिडतात. जोर लावून भिडवल्या की हाताला घट्टे पडतात तसे तिथेही पडतात. दोन महिने गाणे बंद, बोलणेही कमीत कमी. मी विसाव्या दिवशी एका कार्यक्रमाला गेले. आगाऊ रक्कम घेतली होती.

हे सगळे मी भाचीला कधी नीट सांगितले नव्हते, त्या रात्री सांगितले. तिने ऐकून घेतले आणि मग आरशाची गोष्ट सांगितली. तो आरसा डॉक्टरांचा नव्हे, गाण्याच्या मास्तरांचा शोध आहे. मानुएल गार्सिया हे गायनशिक्षक. स्वतःच्या घशात दंतवैद्याचा छोटा आरसा धरून, त्यावर उन्हाची तिरीप पाडून, गाताना स्वरतंतू कसे हलतात ते त्यांनी १८५४ साली पाहिले. त्याआधी, १८४१ मध्ये, पॅरिसला त्यांच्याकडे स्वीडनहून एक विशीतली सोप्रानो आली होती, अतोनात प्रयोग करून आवाज पार थकवून बसलेली. त्यांनी तिला शिकवायला नकार दिला आणि आधी काही आठवडे गप्प बसायला सांगितले. ती बसली. ती येनी लिंड. पुढे तिच्या नावावर लोकांनी युरोपात आणि अमेरिकेत तिकिटांसाठी झुंबड केली. "ती बसली आणि मी नाही," एवढेच मी म्हटले. भाची म्हणाली, "तिच्यामागे गार्सिया होता. तुझ्यामागे कोण होतं?"

या प्रश्नाचे उत्तर मला अजून सापडलेले नाही, कारण माझे गुरू होते, चांगले होते, आणि मी त्यांना गरब्याबद्दल काही सांगितलेच नव्हते.

अर्थात, नाही म्हणणारेच तेवढे शहाणे, असेही मी मानत नाही. १९४९ च्या जानेवारीत व्हेनिसमध्ये पंचविशीतली सोप्रानो मारिया कॅलास वाग्नरच्या ऑपेरातली ब्रुनहिल्डे गात होती. एक गायिका आजारी पडली म्हणून बेल्लिनीच्या 'ई पुरितानी'तली एल्विरा तिने काही दिवसांत पाठ करून गायली. एक भूमिका सर्वांत भारी खणातली, दुसरी नाजूक नक्षीची. सोळा हंडे वाहून आल्यावर लगेच रांगोळी काढायला बसावे तसे. नकाराचे पुस्तक पाळणारी ती असती तर विसरलेले अनेक जुने ऑपेरे पुन्हा उभे राहिले नसते. १९६५ साली लंडनमध्ये तिने 'तोस्का' गायली आणि त्यानंतर पूर्ण ऑपेरा कधीच गायली नाही, वय एक्केचाळीस. वजन उतरवल्यामुळे आवाज गेला, भलत्या भूमिकांमुळे गेला, दुःखामुळे गेला, यावर अजून वाद चालतात. तिचा कडेला आलेला, डुगडुगणारा आवाज ऐकताना मला माझ्या घशातल्या कण्या आठवतात आणि तरी मी बंद करत नाही.

कॅलास पॅरिसमध्ये वारली ती १६ सप्टेंबर १९७७ रोजी. त्याच दिवशी इकडे मुंबईत ख्यालगायिका सूरश्री केसरबाई केरकर गेल्या. केसरबाईंचा स्वभाव याच्या नेमका उलट : ध्वनिमुद्रणांपासून त्या शक्यतो दूर राहिल्या, आणि आवाज शाबूत असताना साठच्या दशकात जाहीर मैफिली त्यांनी स्वतःहून थांबवल्या. त्याच महिन्याच्या ५ तारखेला व्हॉयेजर-१ हे अंतराळयान निघाले होते. त्याच्यावर आणि त्याच्या आधी निघालेल्या जोडीदारावर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे, आणि एडा मोझर या जर्मन सोप्रानोने गायलेली ती रात्रीची राणी आहे, धैवतासकट. कॅलास नाही. काळी चारवाली मावशी आणि अतितारवाली भाची एकाच तबकडीवर, सूर्यमालेच्या बाहेर, हे मी भाचीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आणि तिथेही खालच्या मजल्यावर आजोबा असतील."

ऑगस्टच्या शेवटी ती परत गेली. गोकुळाष्टमीच्या दिवशी सकाळीच आम्ही येऊरला पळालो होतो, कारण त्या दिवशी ठाण्यात राहून न ओरडता बोलता येत नाही. बटरफ्लायसाठी थिएटरने बाहेरची पाहुणी गायिका बोलावली आहे. प्रमुख अजून तिच्याशी हसून बोलतात, पण ३१ ऑक्टोबर यायचा आहे.

जायच्या आदल्या रात्री सामान बांधून झाल्यावर ती म्हणाली, "मावशी, गा ना काहीतरी." मी तिच्यासमोर गेली कित्येक वर्षे गायले नव्हते, शिकवताना दोन ओळी म्हणून दाखवणे वेगळे. मी यमन म्हणेन म्हटले. तिने फोनवर तानपुरा लावला आणि माझ्या मांडीशी ठेवला. लहानपणापासून तिने माझा तानपुरा काळी चारला लागलेला ऐकला आहे, आणि माझा आवाज आता तिथे जात नाही हे मी तिला कधी सांगितलेले नाही. तानपुरा पांढरी चारला लागलेला होता. मी तिच्याकडे पाहिले. ती बॅगेची चेन लावत होती.